वेचणी लागली की हॉटेल ओस

प्रश्न : पांढरकवड्याजवळ नागपूर-हैदराबाद हायवेवर माझं जेवणाचं हॉटेल आहे. आठ माणसं लागतात. दसरा झाला की पोळ्या करणाऱ्या दोघी कापूस वेचायला जातात, वेटर पोरं पुण्याला कंपनीत. महिना हजार रुपये वाढवले, तरी यंदा तिघं गेले. उचल देऊन बांधून ठेवावं का?
– एक हॉटेलमालक, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, उचलीचा नाद सोडा. मी तो करून बसले आहे. माझी खानावळ नवी होती तेव्हा एका आचाऱ्याला ५ हजार उचल दिली, वरून पंधरा दिवसांचा पगार अडकवून ठेवला. पोळ्याला गावी गेला तो आलाच नाही. उचल बुडाली ती बुडाली, गावात सांगितलं काय, तर 'बाई पैसे दाबते.' दोन वर्षं त्या गावातून भांडी घासायलाही कोणी आलं नाही. आणि उचलीपोटी माणसाला कामाला जुंपून ठेवणं १९७६ च्या वेठबिगारी कायद्याने गुन्हा आहे, हे मला फार उशिरा कळलं.

कापूस किलोवर मोजला जातो आणि बाजाराच्या दिवशी चुकारा हातात पडतो. तेल-मीठही त्याच दिवशी घ्यायचं असतं. तुमचा पगार मात्र दहा तारखेला, तोही 'गल्ला बघून देतो' म्हणत, खरं की नाही? मी बाजाराच्या आदल्या रात्री आठवड्याचा पगार द्यायला लागले. रक्कम तीच. मग माझ्याकडच्या दोघींनी आपसातच पाळी लावली: आज एक वावरात, दुसरी तव्यावर. एका हाताच्या पोळ्या पुरत नाहीत, म्हणून वेचणीभर दुपारची थाळी बंद; तर्री-पोहे आणि आलूबोंडे. गिऱ्हाईक थोडं कुरकुरलं.

पोरांचं वेगळं. रात्री अकराला तुमचं शेवटचं टेबल उठतं, तेव्हा गावाकडे एसटी कुठली? पोरगं ट्रकला हात दाखवत उभं राहतं आणि घरी माय जागी. अर्ध्या वेळा नोकरी तीच सोडायला लावते. तुमच्या गाडीने सोडून द्या. बँकेतून प्रत्येकाचा प्रधानमंत्री सुरक्षा विमाही काढा. वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा आहे, तेवढे तुम्ही भरा. पुण्याला जायचं ठरवलेला जाईलच. त्याचा हिशेब त्याच दिवशी चुकता करा, दिवाळीत गावी आला की चहाला बोलवा. माझा आताचा आचारी असाच परत आलेला आहे.

वाढवलेले हजार मात्र परत कापू नका, नाहीतर उरलेले पाचही जातील.