फाट्यावर राहणारा, दारू पिणारा मनोरुग्ण माणूस पुन्हा रस्त्यावर येऊ नये म्हणून गावानं काय करावं?

तुम्ही लिहिलंय की यवतमाळ जिल्ह्यातल्या तुमच्या फाट्यावर, प्रवासी निवाऱ्यात, पन्नाशीचा एक माणूस चार महिन्यांपासून राहतोय. एकटाच बोलतो, मोहाची पितो, पायाला चिघळलेली जखम आहे. एकदा दवाखान्यात नेलं, पंधरा दिवसांत परत तिथंच. आता काय केलं तर टिकेल?

आधी तो परत का आला ते बघा. मानसोपचारवाले म्हणतात, दारू सोडवून आणा. व्यसनमुक्तीवाले म्हणतात, आधी डोक्याचं बघा आणि सोबत नातेवाईक आणा. निवाऱ्यावाले आधार कार्ड मागतात, आणि पिऊन आलेला नको असतो. प्रत्येकाचं आपापल्या जागी बरोबर, आणि माणूस फाट्यावर. म्हणून माझं पहिलं सांगणं: छपराला अट लावू नका. "पिणं सोड, मग खोली देतो" हा क्रम उलटा आहे. न्यूयॉर्कमध्ये १९९२ साली सॅम सेम्बेरिस या मानसशास्त्रज्ञानं आधी घर, मग उपचार असा क्रम लावला. पुढे कॅनडानं पाच शहरांत सुमारे दोन हजार बेघर मनोरुग्णांवर त्याची रीतसर चाचणी घेतली. घर दिलेले लोक घरात टिकले, नेहमीच्या मदतीवर असलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त. दारू मात्र घर मिळालं म्हणून आपोआप सुटली नाही. ही अपेक्षा ठेवूनच कामाला लागा, नाहीतर महिनाभरात सगळं गाव कंटाळेल.

गावात पहिलं काम म्हणजे एकच माणूस नेमणं. समिती नको. आशाताई, पोलीस पाटील, पानठेलेवाला, कोणीही चालेल. फक्त त्याच्याकडं एक वही हवी. कोणत्या तारखेला कुठं नेलं, कोणत्या गोळ्या, संपणार कधी, एवढंच त्यात. दवाखाना, ठाणं आणि खोली यांच्यामधला दोरा तुटतो तिथंच माणूस हरवतो. नेमलेल्या माणसानं रोज एकाच वेळी, शक्यतो सकाळी, चहा घेऊन जावं. समोर उभं न राहता बाजूला, हातभर अंतरावर बसावं. "कुठला तू?" असं विचारलं की उत्तर येत नाही. गावाजवळची नदी, रेल्वे स्टेशन, बाजाराचा वार, शाळेचं नाव असं विचारत गेलं की एखाद्या दिवशी धागा हाती लागतो. त्याच्या न कळत केस कापणं, फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवणं हे प्रकार बंद. एका दिवसात महिन्याचा विश्वास जातो. पोट्टे दगड मारत असतील तर त्यांना आवरणं हेही याच कामात धरा.

मग ठाणं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७, कलम १००. स्वतःची काळजी घेऊ न शकणारा, भटकणारा मनोरुग्ण हद्दीत दिसला तर त्याला संरक्षणात घेणं हे ठाणेदाराचं कर्तव्य आहे. २४ तासांच्या आत सरकारी रुग्णालयात तपासणीला न्यायचं, कोठडीत ठेवायचं नाही, आणि बेवारस असेल तर हरवलेल्या व्यक्तीची नोंद करून घरचे शोधायचे. तोंडी सांगू नका. तारीख, जागा, काय दिसलं असा एक पानाचा अर्ज कलमासकट द्या आणि पोच घ्या. बेघर माणसाला सरकारी मानसोपचार मोफत मिळतात. बीपीएल कार्ड मागता येत नाही. (बाई असती तर एक रात्रही थांबू नका असं म्हटलं असतं. महिला पोलीस घेऊन त्याच दिवशी हलवायचं.)

आता सगळ्यांत धोक्याची गोष्ट. रोज पिणाऱ्याला एकदम कोंडून दारू तोडली तर शेवटच्या घोटानंतर ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भ्रम. माणूस दगावतो. म्हणून पहिले चार-पाच दिवस खोलीत नाही, दवाखान्यात. "हा रोज पितो" हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा, म्हणजे ग्लुकोजचं सलाइन लावण्याआधी थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) देतील. हात थरथरणं, घाम, भिंतीवर किडे दिसणं याला लोक "वेड वाढलं" म्हणतात आणि इथंच घात होतो.

नागपूरच्या मनोरुग्णालयात भरती झालीच, तर ती सहसा ३० दिवसांपर्यंतची. घर नाही एवढ्याच कारणानं त्याला तिथं ठेवून घेता येत नाही. म्हणजे सुट्टी ठरलेलीच. खोली त्याआधी तयार हवी. चेन्नईच्या 'द बनियन' संस्थेनं २०१५ पासून अशा लोकांना चार-पाच जणांच्या गटानं साध्या वस्तीत भाड्याच्या घरात, सोबत मदतनीस देऊन ठेवलं. आपल्याकडं त्याची खेड्यातली आवृत्ती म्हणजे ग्रामपंचायतीची पडकी नसलेली एक खोली: खाट, दिवा, जवळ संडास, आणि दाराला बाहेरून कडी नाही. साखळी लावणं तर कायद्यानंच बंद आहे. गोळ्या आशाताईकडं, रोज समोर घ्यायच्या. झोप आठवड्यात सुधारते, आवाज ऐकू येणं कमी व्हायला दोन ते सहा आठवडे लागतात. गोळ्या फेकत असेल तर दोन ते चार आठवड्यांनी घ्यायच्या इंजेक्शनबद्दल विचारा.

घरचे सापडले तरी घाई नको. "भाऊ मेला" असं सांगून सातबाऱ्यावरून नाव कमी झालेलं असतं, मग दारातच वाद. आधी फोन, मग व्हिडिओवर बोलणं, मग त्यांनी येऊन न्यावं. निघताना महिन्याच्या गोळ्या आणि त्यांच्या जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार ओपीडीचा वार लिहून द्या. सातव्या, पंधराव्या आणि पंचविसाव्या दिवशी फोन करा. पंचविसावा चुकवू नका, कारण तिसाव्याला गोळ्या संपतात.

पत्ताच लागत नसेल तर आधार नोंदणी करून बघा. आधीचं आधार असेल तर नवी नोंदणी नाकारली जाते, आणि तिथून ओळख निघते. २०२१ मध्ये नागपुरात सांभाळलेला एक मुलगा असाच जबलपूरचा निघाला. 'संजय गांधी निराधार' योजनेच्या दरमहा मदतीसाठी १५ वर्षं महाराष्ट्रात वास्तव्य लागतं, त्यामुळं परप्रांतीय निघाला तर त्या पैशांवर खोलीचा हिशेब मांडू नका.

अडलं तर १४४१६ वर टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, फोन करा, मराठीत बोलतात. पायाची जखम मात्र यातल्या कशासाठीही थांबवू नका. त्यात फिनाईल किंवा पेट्रोल ओतू नका, अळ्या दिसल्या तरी. उद्याच १०८ बोलवा, धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायला लावा आणि साखर तपासायला सांगा.