कुष्ठरुग्ण मोजताना आधी रजिस्टर बघ
अरे, जगातले कुष्ठरुग्ण मोजायला बसलास, पण 'प्रमाण' म्हणून छापतात तो आकडा वर्षअखेरीस उपचार चालू असलेल्यांचा, हे ध्यानात ठेव. चट्टे पाचपर्यंत असतील तर सहा महिने गोळ्या, जास्त असतील तर बारा. पाकिटं संपली की नाव कटलं, बोटं वाकडी राहिली तरी. पूर्वी ही बाराची मुदत २४ महिने होती. ती निम्मी केली नि रोग न घटताच आकडा घटला! म्हणून नवे रुग्ण धर. तिथेही जपून: २०१९ मध्ये दोन लाखांवर सापडले, २०२० मध्ये सव्वा लाखाच्या आसपास. रोग कुठे पळाला नव्हता. कोविडमुळे घरोघरी शोधायला माणसंच गेली नाहीत. नव्यांत मुलं किती तेही बघ, त्यावरून संसर्ग अजून चालू आहे का ते कळतं.