साखरेचा काळा खांब का उठत नाही?

तुमचा प्रश्न: नागपूरच्या शाळेत विज्ञान प्रदर्शनाची तयारी चालू आहे. बॅटरीच्या दुकानातलं अ‍ॅसिड साखरेवर ओतलं, तर फुगून वर येणाऱ्या काळ्या खांबाऐवजी पिवळसर पाक झाला.

दोष अ‍ॅसिडचाच. बॅटरीत भरायच्या अ‍ॅसिडमध्ये सल्फ्युरिक आम्ल साधारण ३५ टक्के, बाकी पाणी. त्या आम्लाची पाण्याची तहान आधीच भागलेली असते, मग ते साखरेच्या रेणूतल्या हायड्रोजन-ऑक्सिजनचं पाणी ओढून काळा कार्बन कशाला मागे ठेवेल? फार तर साखरेचं ग्लुकोज-फ्रुक्टोज करून थांबतं. इथे ९८ टक्क्यांचं संहत आम्लच हवं. ओळखायची सोपी युक्ती म्हणजे १० मिली आम्लाचं वजन करणं. ते १८.४ ग्रॅमच्या आसपास भरतं, बॅटरीचं जेमतेम साडेबारा. पावसाळाभर बूच सैल राहिलेली बाटलीही अशीच हलकी भरते, कारण हे आम्ल हवेतला ओलावा ओढतं. २०१३ पासून अ‍ॅसिडच्या किरकोळ विक्रीवर निर्बंध आहेत, त्यामुळे मुलांना दुकानात पाठवू नका. शाळेच्या प्रयोगशाळेतलं वापरा आणि ओतायचं काम शिक्षकांनीच करायचं.

१०० मिलीच्या उंच, अरुंद चंचुपात्रात २० ग्रॅम साखर घ्या. किराण्यातली जाड साखर मिक्सरमध्ये एकदा फिरवा, दाणा बारीक असला की आम्ल सगळीकडे पोचतं. पात्र वाळूच्या ट्रेमध्ये ठेवा, २० मिली आम्ल ओता, काचकांडीने एकदाच ढवळा आणि मागे सरका. न ढवळल्यास वरच फक्त काळी साय धरते. रंग पिवळा, तपकिरी, मग काळा होत जातो. आम्लात पाणी मिसळताना इतकी उष्णता निघते की उरलेल्या पाण्याची वाफ होते आणि चिकट काळा लगदा फुगवत वर नेते. पसरट भांड्यात ही उष्णता टिकत नाही, म्हणून वाटीत हा प्रयोग फसतो. डिसेंबरच्या सकाळी आपल्याकडे पारा १०-१२ अंशांवर असतो, तेव्हा सुरुवात रेंगाळते. वाट पाहा. आम्ल गरम करायचं नाही आणि वरून पाणी तर मुळीच घालायचं नाही, उसळून अंगावर येईल.

तक्त्यावर ‘शुद्ध कार्बन’ लिहू नका, बहुतेक जण लिहितात. C₁₂H₂₂O₁₁ → 12C + 11H₂O हे समीकरण कागदावर ठीक. प्रत्यक्षात आम्ल थोड्या कार्बनचं ऑक्सिडीकरणही करतं, त्यातून सल्फर डायऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड निघतात. म्हणून मांडणी बंद वर्गात नको, मोकळ्या व्हरांड्यात, वाऱ्याकडे पाठ करून; दम्याचा त्रास असलेली मुलं लांब.

चष्मा, आम्लरोधक हातमोजे, सुती ॲप्रन हवेतच. थेंब उडाला तर २० मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा, डोळ्यात गेला तर धुता धुताच दवाखाना गाठा.

थंड झालेल्या खांबातही आम्ल मुरलेलं असतं, हात लावू देऊ नका. अर्ध्या तासाने चिमट्याने बादलीभर पाण्यात सोडा आणि खायचा सोडा चमचा-चमचा घाला. २० मिलीला ६०-६५ ग्रॅम लागतो. फसफस थांबली की पाणी मोरीत, काळा गाळ कचऱ्यात.