रीत मोडली की धोरण बदललं?

'लिनक्सची डिझाइन फिलॉसॉफी बदलते आहे' या वाक्यात फिलॉसॉफीला 'तत्त्वज्ञान' म्हटलं तर चालेल का, असा तुमचा प्रश्न आहे.

मला तरी खटकतं. तत्त्वज्ञान मांडतात, शिकवतात, फार तर झाडतात. ते पडत नाही. पडते ती रीत, आणि युनिक्समध्ये, म्हणजे लिनक्स ज्या जुन्या संगणकप्रणालीच्या धर्तीवर बनलं तिच्यात, तेच झालं. १९७३ मध्ये युनिक्सच्या कर्त्यांपैकी एक, केन थॉम्पसन यांनी पाइपची, म्हणजे एका प्रोग्रॅमचं फलित थेट दुसऱ्याला देण्याची सोय केली. 'एलएस | डब्ल्यूसी' असं लिहिलं की पहिला प्रोग्रॅम फाइलींची नावं काढतो, दुसरा मोजदाद करतो. दोघांना एकमेकांची गंधवार्ताही नसते. (मधली उभी रेघ थेट आपल्या दंडासारखी. फक्त आपला दंड वाक्य थांबवतो, हा काम पुढच्याच्या हातात देतो.) प्रत्येक प्रोग्रॅमने एकच काम करावं आणि ते नीट करावं, हे थॉम्पसन यांचे सहकारी डग मॅकिलरॉय प्रभृतींनी १९७८ मध्ये लेखात नोंदवलं. तोवर ते लोकांच्या अंगवळणी पडलेलं होतं. म्हणून 'युनिक्सची रीत' म्हणा. 'शिस्त'ही चालेल, पण त्यात छडीचा वास येतो.

पुढचा बदल मात्र वेगळ्या जातीचा. २०१० मध्ये लिनक्ससाठी सिस्टिमडी आलं. संगणक सुरू होताना सेवा उभ्या करणं, त्यांच्यावर लक्ष ठेवणं, लॉगिन, नोंदी अशी बरीच कामं एकाच प्रकल्पाच्या छत्राखाली गेली. नोंदी तर बायनरी स्वरूपात, म्हणजे साध्या मजकुरावर चालणारी जुनी हत्यारं त्यांना थेट लावता येत नाहीत. डेबियन या लिनक्सच्या एका प्रमुख आवृत्तीच्या तांत्रिक समितीने २०१४ मध्ये यावर मतदान घेतलं, समसमान मतं पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने सिस्टिमडी आलं. मतदानाने ठरतं त्याला मराठीत धोरण म्हणतात.

गंमत अशी की विरोधकांच्या लेखी तीच घटना 'रीत मोडली' अशी आहे. त्यांनी डेबियनमधून फुटून डेवुआन नावाची वेगळी चूल मांडली. तेव्हा शब्द निवडलात की बाजूही निवडलीत. कोणतीच बाजू घ्यायची नसेल तर 'घडण' घ्या. त्यात ना तक्रार, ना ठराव.

तुमचं वाक्य मी असं लिहीन: 'लिनक्सच्या घडणीमागचा विचार बदलतो आहे.'