‘बारावीनंतर थेट शिक्षणशास्त्र घेऊ की आधी बी.एस्सी. करू?’

बारावी विज्ञान, 71 टक्के. आमच्याकडे करिअरचा सल्ला घ्यायला आलेली मुलगी बार्शीकडची, सोबत आई-वडील. वडिलांनी बसता बसताच सांगितलं, “मॅडम, हिला मास्तरीण व्हायचंय. आम्ही म्हणतो, आधी बी.एस्सी. कर, मग बी.एड.चं बघू. चार वर्षं नुसतं शिक्षणशास्त्र शिकली आणि नोकरी नाही लागली तर ना इकडची ना तिकडची.” मुलगी गप्प होती. तिच्या हातात तीन कॉलेजांची माहितीपत्रकं होती आणि तिन्ही अभ्यासक्रमांची नावं वेगवेगळी होती.

ही काळजी दर जूनमध्ये येते. नावांच्या गर्दीत मूळ प्रश्नच मागे पडतो, म्हणून आम्ही माहितीपत्रकं बाजूला ठेवली आणि मुलीला विचारलं, “कुठल्या इयत्तेसमोर उभं राहायचंय?” ती म्हणाली, “म्हणजे? शिक्षक व्हायचंय.” हे उत्तर पुरेसं नाही. आपल्याकडे पात्रता इयत्तेनुसार ठरते. पहिली ते पाचवीसाठी बारावीनंतरचं डी.एल.एड. (लोक अजून डी.एड.च म्हणतात) आणि टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, पेपर एक. सहावी ते आठवीसाठी पेपर दोन. नववी-दहावीसाठी पदवी आणि बी.एड. अकरावी-बारावीसाठी त्या विषयातली पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. आधी इयत्ता ठरवायची, मग विषय, आणि त्यानंतर अभ्यासक्रम. बहुतेक घरांत हे नेमकं उलट होतं.

उलट केल्यावर काय होतं त्याचं ठळक उदाहरण प्राथमिकचं. 2018 मध्ये राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने, म्हणजे एनसीटीईने, बी.एड.वाल्यांना पहिली ते पाचवीसाठी वाट मोकळी केली होती. 11 ऑगस्ट 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने ती बंद केली. तरी “बी.एड. झालं की कुठलाही वर्ग मिळतो” हे वाक्य अजून गावोगाव फिरतंय. लहान मुलांना शिकवायची आवड असलेली मुलगी पदवी आणि बी.एड. मिळून पाच वर्षं घालवते आणि शेवटी तिला कळतं की आपल्या हातात माध्यमिकची पात्रता आहे.

मग माहितीपत्रकं उघडली. पहिलं होतं चार वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमाचं, ज्याला आयटीईपी म्हणतात. बारावीनंतर आठ सत्रं, विषयाची पदवी आणि बी.एड. एकत्र, तीन अधिक दोनच्या वाटेपेक्षा एक वर्ष कमी. 2023-24 पासून तो सुरू झाला. प्रवेशासाठी एनसीईटी ही राष्ट्रीय परीक्षा असते. तीत दोन भाषा, तीन विषय, सामान्य ज्ञान आणि अध्यापन अभिरुची हे भाग असतात. महाराष्ट्र-गोव्यासाठी एनसीईआरटीची, म्हणजे राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची, प्रादेशिक संस्था भोपाळला आहे. अशा चार वर्षांच्या एकात्मिक पदव्या या प्रादेशिक संस्थांना नव्या नाहीत, 1960 च्या दशकापासून त्या चालवत आल्या आहेत. म्हणजे ‘काहीतरी नवीनच काढलंय’ ही वडिलांची शंका अर्धीच खरी.

दुसरं बी.एस्सी.बी.एड.चं, जुन्या धर्तीचं. इथे थांबायला लागलं. एनसीटीईने हे जुने चार वर्षांचे अभ्यासक्रम आयटीईपीत रूपांतरित करायचं धोरण घेतलं आहे. त्यामुळे कॉलेजला विचारायचा प्रश्न “मान्यता आहे का?” हा नाही, त्याचं उत्तर सगळीकडे “आहे” असंच येतं. विचारायचं ते असं: यंदाच्या वर्षासाठी, कोणत्या नावाच्या अभ्यासक्रमाला, किती जागांची मान्यता आहे? आदेशाची प्रत दाखवा.

तिसरं माहितीपत्रक नुसत्या ‘बी.ए. शिक्षणशास्त्र’चं. वडिलांची खरी भीती याचीच होती, फक्त ती त्यांनी तिन्हींना लावली होती. हा विषय चांगला आहे. शिक्षणाचं तत्त्वज्ञान, मानसशास्त्र, समाजशास्त्र, मूल्यमापन हे सगळं त्यात येतं आणि पुढे अभ्यासक्रम आखणं, पाठ्यसाहित्य, सामाजिक संस्थांतलं काम अशा वाटा निघतात. पण या पदवीने शिक्षकाची पात्रता येत नाही, बी.एड. वेगळं करावंच लागतं. शिवाय शाळेत ‘शिक्षणशास्त्र’ नावाचा तास नसतो, त्यामुळे बी.एड.ला अध्यापन पद्धती कुठली मिळणार हे सोबतच्या विषयांवर ठरतं. गणित शिकवायचं असेल तर पदवीत गणित हवं. इतकी साधी गोष्ट प्रवेशाच्या घाईत सुटते.

पण मुलीला हे जमेल का, ते कागदांवरून कळत नाही. “मुलं आवडतात” यावर आम्ही फारसा भरवसा ठेवत नाही, भाचे-पुतणे सगळ्यांनाच आवडतात. तिला सांगितलं, गावातल्या शाळेत मुख्याध्यापकांची परवानगी घे, पाचवीच्या वर्गात चार दिवस बस आणि एक तास स्वतः घे. घटक एकच, अपूर्णांकांची बेरीज. आधी टाचण काढ आणि तास झाल्यावर मुलांनी काय लिहिलं ते आण.

ती दहा दिवसांनी आली. तासाला तिने तीनदा “समजलं का?” विचारलं होतं, तीनदा वर्ग “हो” म्हणाला होता. मग तिने फळ्यावर 1/2 + 1/3 लिहून वहीत सोडवायला सांगितलं. निम्म्याहून जास्त वह्यांत उत्तर 2/5. ती वैतागली असती तर आम्ही वेगळा सल्ला दिला असता. पण तिने एका मुलाला विचारलं, हे कसं आलं? तो म्हणाला, “पहिल्या पेपरात दोनपैकी एक बरोबर, दुसऱ्यात तीनपैकी एक. मिळून पाचपैकी दोन.” ती आमच्याकडे हेच विचारायला आली होती: “तो चुकलाय, पण त्याचं म्हणणं तर बरोबर वाटतंय. त्याला काय सांगायचं?” (दोन पेपरांचा हिशोब बरोबरच आहे. पण बेरीज करताना अर्धा आणि तिसरा हिस्सा एकाच भाकरीचे असतात, त्याने दोन वेगळ्या भाकऱ्या धरल्या. शिवाय 2/5 हे अर्ध्यापेक्षाही कमी, मग भर घालून कमी कसं झालं, असं त्यालाच विचारायचं.)

शिक्षणशास्त्र म्हणून जे शिकवतात त्याचा गाभा हा आहे. बी.एड.च्या सूक्ष्म अध्यापनात सहा मिनिटांचा पाठ घ्यायचा, सहा मिनिटं प्रत्याभरण (पाठ कसा झाला ते ऐकणं), बारा मिनिटं नवं नियोजन, पुन्हा सहा मिनिटं तोच पाठ आणि पुन्हा सहा मिनिटं प्रत्याभरण, असं छत्तीस मिनिटांचं चक्र एकेका कौशल्यासाठी फिरतं. प्रश्न विचारणं, फलकलेखन, चेतक बदल (मुलांचं लक्ष टिकवायला आवाज, हालचाल बदलत राहणं), अशी ती कौशल्यं. “समजलं का?” हा प्रश्न तिथे पहिल्याच दिवशी खोडला जातो. म्हणूनच “हजेरी लागत नाही, घरबसल्या बी.एड.” म्हणणाऱ्या कॉलेजपासून लांब राहायचं. नियमाने तासांना 80 टक्के आणि आंतरवासितेला, म्हणजे प्रत्यक्ष शाळेतल्या सरावाला, 90 टक्के उपस्थिती लागते, आणि शिकायचं असतं ते तिथेच.

आता वडिलांचा हिशोब. “संस्थेला लाखो रुपये मोजायला आम्ही कुठून आणू?” अनुदानित आणि जिल्हा परिषद शाळांची भरती आता शासनाच्या ‘पवित्र’ या पोर्टलवरून, टेट म्हणजे अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणीच्या 200 पैकी गुणांवर होते. टीईटी वेगळी, टेट वेगळी; नावांच्या या गोंधळात अर्ज चुकलेले पुष्कळ भेटतात. टीईटीत खुल्या गटाला 150 पैकी 90 मिळाले की पात्र. टेटमध्ये पास-नापास नसतं, गुणवत्ता यादी असते. तिचं वेळापत्रक मात्र बेभरवशाचं: पहिली 2017 अखेर, दुसरी 2023 मध्ये, तिसरी 2025 मध्ये. निवड झाली तरी पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून मानधन असतं. 2023 पासून ते प्राथमिकला 16,000, माध्यमिकला 18,000 आणि उच्च माध्यमिकला 20,000 रुपये आहे. हे आकडे आम्ही कागदावर लिहून दिले. मधली दोन-तीन वर्षं खाजगी शाळेत काढायची तयारी घराची आहे का, हे ठरवूनच पुढे जायचं.

“एक वर्षाचं बी.एड. येतंय म्हणे, थांबावं का?” हे आईने जाता जाता विचारलं. 2025 मध्ये आलेल्या मसुद्यात ते चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी असलेल्यांसाठी आहे. तीन वर्षांच्या बी.एस्सी.साठी थांबून काही हाती लागत नाही.

ठरलं असं: मुलीला माध्यमिकलाच गणित शिकवायचंय. एनसीईटीच्या गुणांवर भोपाळ पहिल्या पसंतीला. नाही मिळालं तर जवळच्या कॉलेजात बी.एस्सी., गणित तिसऱ्या वर्षापर्यंत ठेवून, आणि मग दोन वर्षांचं बी.एड. दोन्ही वाटा त्याच वर्गात पोचतात, फरक एका वर्षाचा आणि घरापासूनच्या अंतराचा. एक काम मात्र त्याच आठवड्यात करायला सांगितलं. त्यांच्याकडे ओबीसीचं राज्याचं नॉन-क्रिमीलेयर प्रमाणपत्र होतं. केंद्रीय प्रवेशाला केंद्राच्या नमुन्यातलं वेगळं प्रमाणपत्र लागतं, आणि तहसीलला जूनमध्ये त्यासाठी रांग असते.