पिवळ्या साडीतली ती

*ताई, पुढच्या महिन्यात माझा साखरपुडा आहे. मुलाचं इन्स्टाग्राम खातं प्रायव्हेट. आतेबहिणीने एक वेबसाइट सांगितली, नाव टाकलं की बंद खात्यातले फोटो दिसतात म्हणे. टाकलं. धूसर फोटो आले, एकात त्याच्या शेजारी पिवळ्या साडीतली मुलगी. स्पष्ट बघायला 49 रुपये भरले, मग माझ्याच इन्स्टाचा पासवर्ड मागितला, तोही दिला. फोटो काही उघडले नाहीत. दुसऱ्या दिवशी माझ्या खात्यावरून मैत्रिणींना 'अर्जंट पैसे पाठव' असे मेसेज गेले. एकीने 3000 पाठवलेसुद्धा. घरी सांगायची सोय नाही. आणि ती मुलगी डोळ्यांपुढून हलत नाही.*
*— झोप उडालेली, सातारा*

अगं, आधी त्या साडीचंच बघू, कारण पैशांपेक्षा तीच तुला जास्त छळतेय.

तुझं पत्र आल्यावर मी भाच्याला सिम काढलेल्या जुन्या फोनवर तसलीच एक साइट उघडायला लावली. नाव टाकलं 'कोथिंबीरजुडी' आणि पुढे सात-आठ आकडे. असं खातंच नाही, आधी बघून घेतलं होतं. हिरवी पट्टी सरकत सरकत 97 टक्क्यांवर अडली आणि खाली आलं, '14 खाजगी फोटो सापडले'. सगळे धूसर. भाचा म्हणाला, "मावशी, एकात कोथिंबिरीचं लग्न लागतंय बघ."

प्रायव्हेट खात्यातला फोटो कुणाला द्यायचा हे इन्स्टाग्रामचा सर्व्हर ठरवतो. खातेदाराने ज्यांना होकार दिलाय, त्यांच्याच फोनवर तो येतो. ही साइट तो आणणार कुठून? ते डाग आधीच तयार करून ठेवलेले असतात. साडी तू नेसवलीस.

आता आजच करायचं ते. पासवर्ड बदल, सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट कर, खात्याला जोडलेला ईमेल आणि फोन नंबर तुझाच आहे ना ते बघ, आणि टू-फॅक्टर (पासवर्डशिवाय आणखी एक कोड मागणारी सोय) चालू कर. तोच पासवर्ड जीमेललाही असेल (असतोच!), तर तोही बदल. 49 रुपये ज्या यूपीआय अ‍ॅपवरून गेले, त्यात ऑटोपे (आपोआप पैसे कापले जायची सोय) उघड. तिथे अनोळखी नावाची मंजुरी दिसली तर रद्द कर. त्या साइटने एखादं अ‍ॅप उतरवायला लावलं असेल आणि तू पत्रात गाळलं असशील, तर ते काढून टाक. असली अ‍ॅप्स मेसेज वाचायची परवानगी घेतात, म्हणजे बँकेचा ओटीपी त्यांच्या हातात.

मैत्रिणीला आत्ता फोन लाव. तिने 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार द्यायला हवी आणि बँकेलाही कळवायला हवं. जितकं लवकर, तितकी पैसे वाटेत अडवले जाण्याची शक्यता जास्त. ते 3000 तिला तू दे, हे मी सांगायला नको.

घरी सांगायचं म्हणशील, तर आईला सांग. ओरडेल, मग चहा टाकेल. अशा साइट्स चालतात त्या आपण गप्प बसतो म्हणून. 'दुसऱ्याच्या खात्यात डोकावायला गेले होते' हे पोलिसांपुढे बोलायचं कसं? म्हण, सरळ म्हण. पण समज, साइट खरी असती, तर परवानगीशिवाय दुसऱ्याच्या खात्यात शिरल्याबद्दल 2000 च्या आयटी कायद्याचं कलम 66 तुझ्यावर लागू शकलं असतं. त्यात 3 वर्षांपर्यंत कैद आहे.

पत्र दोनदा वाचलं. त्याला फॉलो रिक्वेस्ट पाठवल्याचं कुठेच लिहिलेलं नाहीस. खातं ताब्यात आलं की पाठव. आणि जमलं तर त्याआधी फोन करून झाला प्रकार सांग. तुझ्या नावाने त्यालाही मेसेज गेला असेल. तो त्यावर काय बोलतो, ते मला कळव.