नवअभिजात खुर्ची की नवअभिजातवादी खुर्ची?

विचारणा अशी आहे: फर्निचरच्या कॅटलॉगचं मराठी करणाऱ्या एका वाचिकेने ‘निओक्लासिकल चेअर’साठी ‘नवअभिजातवादी खुर्ची’ असं लिहिलं. संपादकांनी ते खोडून ‘राजेशाही थाटाची खुर्ची’ केलं. बरोबर कोण? आणि ‘नवअभिजात’ लिहायचं कसं, जोडून की तोडून?

आधी तो ‘वादी’ काढून टाका. नवअभिजातवाद ही विचारधारा, आणि नवअभिजातवादी म्हणजे ती मानणारा माणूस. खुर्ची बिचारी काहीच मानत नाही. आपल्याकडे खुर्चीवरून वाद होतात, पण खुर्चीला स्वतःचा वाद नसतो. वस्तूला ‘नवअभिजात’ एवढं विशेषण पुरे.

लेखनाचं म्हणाल तर नवागत, नवोदित यांच्या चालीवर ‘नवाभिजात’ व्हायला हवं. पण ते छापून बघा. डोळा ‘नवा भिजात’ असं तोडतो आणि पावसात काहीतरी भिजल्यासारखं वाटतं. मी संधी न करता, पण जोडून लिहितो: नवअभिजात. व्याकरणाचे कडक शिक्षक रागावतील, रागावू देत.

संपादकांचा बदल मला जास्त खटकला, कारण तो चित्रच उलटं करतो. ‘राजेशाही’ म्हटल्यावर मराठी माणसाला काय दिसतं? लग्नाच्या स्टेजवरची सोनेरी, नागमोडी पायांची, पाठीवर वेलबुट्टीची गर्दी झालेली खुर्ची. किंवा जुन्या मुंबईच्या घरांतलं, इंचभरही जागा न सोडता कोरलेलं शिसवी सामान. ही सगळी पिलावळ रोकोकोच्या, म्हणजे अठराव्या शतकातल्या नागमोडी, वेलबुट्टीदार फ्रेंच शैलीच्या वळणाची आहे, आणि ग्रीक-रोमन नमुने गिरवणारी नवअभिजात शैली आली तीच मुळी रोकोकोचा कंटाळा आला म्हणून.

फरक पायात बघा. रोकोको खुर्चीचा पाय गुडघ्याशी फुगतो, खाली आत वळतो आणि टोकाशी पुन्हा बाहेर येतो. इंग्रजीत त्याला ‘कॅब्रिओल’ म्हणतात. शब्द फ्रेंच नाचातल्या उडीचा आहे, आणि त्याच्या मुळाशी बकरी आहे. खरंच तो पाय आत्ता उडी मारेल असा दिसतो. नवअभिजात खुर्चीचा पाय उडी मारत नाही, उभा राहतो. बहुधा कातीव, वर जाड आणि खाली निमुळता, अंगावर उभ्या पन्हळ्या. (पन्हळी पत्रा आठवा, पण नाजूक.) बैठकीच्या चौकटीला पाय जिथे मिळतो तिथे एक चौकोनी ठोकळा आणि त्यात कोरलेलं गोल फूल. हा पाय म्हणजे ग्रीक-रोमन देवळाचा खांब आहे, हातभर उंचीचा. मुंबईत एशियाटिकच्या पायऱ्या चढताना समोर जे डोरिक, म्हणजे जुन्या ग्रीक घाटाचे, खांब दिसतात, त्यांचं हे दूरचं नातलग.

पाय खांबासारखा का झाला, यालाही कारण आहे. 1738 मध्ये हर्क्युलेनियम आणि 1748 मध्ये पॉम्पेई या ज्वालामुखीखाली गाडल्या गेलेल्या रोमन शहरांत खोदकाम सुरू झालं आणि युरोपला प्राचीन घरांच्या आतलं बघायला मिळालं. पण लाकूड टिकत नाही. हाती आलं ते मुख्यतः ब्राँझ, दगड आणि भिंतीवरची चित्रं. मग सुतारांपुढे नमुना ठेवायचा कशाचा? खांब, कोनाडे, कलश, माळा, म्हणजे इमारतींचेच तुकडे खुर्च्या-टेबलांवर उतरले.

पॅरिसमध्ये लालीव द ज्युली नावाच्या धनिकाने 1756-57च्या सुमारास असं एक लिहिण्याचं मेज करवून घेतलं. काळं आबनूस, त्यावर सोनेरी ब्राँझच्या जाडजूड माळा. आज ते पॅरिसजवळच्या शांतीयीच्या संग्रहालयात आहे. कोशँ नावाच्या समकालीन चित्रकाराने या माळांना विहिरीचे दोर म्हणून हिणवलं होतं. मला तरी ही उपमा शंभर टक्के पटते. रहाटावरचा दोर मेजावर गुंडाळून ठेवावा तशाच त्या दिसतात. पुढे हा भारदस्तपणा ओसरला आणि सामान सडसडीत झालं. इंग्लंडमध्ये वास्तुविशारद रॉबर्ट अ‍ॅडम 1758 मध्ये इटलीहून परतला तो हेच वेड घेऊन. हेपलव्हाइट नावाच्या इंग्रज फर्निचरवाल्याच्या नमुन्यांचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, 1788 मध्ये, त्याच्या बायकोने छापलं. ढालीच्या आकाराची पाठ असलेली खुर्ची हेपलव्हाइटच्याच नावाने ओळखली जाते.

आता मूळ शब्दाकडे. लॅटिन ‘क्लासिकस’ म्हणजे रोममधल्या सर्वांत वरच्या, धनवान वर्गातला. दुसऱ्या शतकात ऑलस गेलियस या रोमन लेखकाने तो लेखकांना लावला: हा वरच्या वर्गातला, तो फाटका. आपला ‘अभिजात’ही मुळात कुलीन, चांगल्या घरात जन्मलेला. म्हणजे दोन्ही शब्द माणसाची ऐपत-घराणं बघून पुस्तकांवर आले. जोड इतकी चपखल की ज्याने कोणी ती लावली त्याला दाद द्यावी.

पण खुर्चीपाशी ती अडते. युरोपात ‘क्लासिकल’ म्हटलं की ग्रीस आणि रोम आपोआप आलेच. ‘अभिजात’मध्ये ते नाहीत. अभिजात संगीत आपलं, अभिजात भाषा आपली, आणि 3 ऑक्टोबर 2024 नंतर तर हा शब्द ऐकला की आधी मराठीला मिळालेला दर्जाच आठवतो. त्यामुळे ‘नवअभिजात खुर्ची’ वाचणाऱ्याला खांब दिसतच नाही. ‘नवश्रीमंत’च्या शेजारी बसवला तर नव्याने खानदानी झालेला कोणीतरी दिसतो.

गंमत म्हणजे त्या काळच्या लोकांनी स्वतःला ‘निओक्लासिकल’ म्हटलंच नाही. ते नाव एकोणिसाव्या शतकात पडलं. पॅरिसकर सरळ ‘गू ग्रेक’, म्हणजे ग्रीक रुची, म्हणत. 1763 मध्ये ग्रिम नावाच्या तिथल्याच एका समकालीन लेखकाने पॅरिसमध्ये सगळंच ग्रीक पद्धतीचं झाल्याची नोंद केली आहे. तेव्हा कॅटलॉगात मी ‘ग्रीक-रोमन धाटणीची खुर्ची’ लिहीन. कलेच्या इतिहासावरचा लेख असेल तर ‘नवअभिजात’, आणि पहिल्या उल्लेखाला ग्रीस-रोमचं नाव जोडून.

एक पुरवणी. ‘सरळ पाय’ ही खूण शेवटपर्यंत चालत नाही. 1800च्या आसपास ग्रीक कलशांवरच्या चित्रांतली ‘क्लिस्मोस’ खुर्ची लोकप्रिय झाली. तिचे पाय तलवारीसारखे बाहेर झुकलेले असतात. वाक एकच असतो, नागमोडी नाही, एवढं बघितलं की गोंधळ होत नाही.

त्याच कॅटलॉगात ‘लुई सिक्स्टीन चेअर’ही असेल, तिथे जपून. ही शैली फ्रान्सचा राजा सोळावा लुई 1774 मध्ये गादीवर येण्याआधीच रुळली होती, तरी नाव त्याचंच चिकटलं. मराठीत ‘सोळाव्या लुईची खुर्ची’ लिहिलंत, तर षष्ठीमुळे खुर्ची थेट त्याच्या मालकीची होते आणि गिऱ्हाईक कागदपत्रं मागेल. ‘सोळावा लुई धाटणीची’ लिहा.